अज्ञात कलाकार

एस. वाय. बी. ए. (मराठी)

माझ्या आजीचे नाव ‘अननोन आर्टिस्ट’ आहे, असे मला गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर कॉलेजच्या संगणक-कक्षात समजले. अननोन आर्टिस्ट म्हणजे अज्ञात कलाकार. एकोणीस वर्षे मी तिच्या मांडीवर, पाठीवर आणि पुढे तिच्याच अंथरुणाशेजारी वाढले. तेव्हा मला तरी ती अज्ञात नव्हती. परंतु पडद्यावर तशी स्पष्ट अक्षरे होती, आणि कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये तिचाच आवाज वाजत होता.

हकिकत अशी. आमचे गाव माणदेशात. माझे चुलते मुंबईला माथाडी काम करीत. १९९६ सालच्या गणपतीत ते गावी आले ते नवा टेपरेकॉर्डर घेऊनच. कोरी कॅसेट आणायची राहून गेली होती, म्हणून त्यांनी सिनेमाच्या गाण्यांच्या एका कॅसेटच्या माथ्यावरच्या खाचांत कागदाचे बोळे कोंबले आणि पहाटे जात्यावर बसलेल्या आजीपुढे टेप ठेवला. (त्या खाचा बुजवल्या की भरलेल्या कॅसेटवरही पुन्हा मुद्रण होते, ही युक्ती आमच्या प्राध्यापकमंडळींना आठवत असेल.) साठ मिनिटांची ती कॅसेट आजीने दोन्ही बाजूंनी जवळजवळ भरली. शेवटी चार मिनिटे सिनेमाचे गाणे तसेच उरले आहे. आजीची ओवी संपते, जात्याची घरघर थांबते आणि एकदम व्हायोलिने सुरू होतात.

आता आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला दम लागतो, ती गात नाही. गावात चक्की आली त्याला कित्येक वर्षे झाली. जाते डाळ भरडण्यापुरते उरले आहे. टेपरेकॉर्डर भंगारात गेला. उरली ती ट्रंकेत लुगड्याच्या घडीत ठेवलेली कॅसेट. ती फीत चिकटून जाण्याआधी संगणकावर उतरवावी, असे माझ्या मनाने घेतले. तालुक्याच्या साउंडवाल्याकडून मी एक जुना टेप मागून आणला. त्याच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या भोकात एक वायर लावली. संगणक-कक्षाच्या सरांनी शनिवारी दुपारी बसू दिले. ‘ऑडेसिटी’ नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर त्या संगणकावर होतेच. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो. यात घाई चालत नाही. मग मी त्या तासाचे सत्तावीस तुकडे पाडले आणि आजीसाठी घेतलेल्या लहानशा प्लेअरच्या मेमरी कार्डवर ते घालायला गेले.

मोबाइल असताना वेगळा प्लेअर कशाला, असे कुणी विचारील. कारण साधे आहे. आजीची बोटे कामाने इतकी घट्ट झाली आहेत की मोबाइलची काच त्यांना दाद देत नाही. प्लेअरला बटणे आहेत. बटण दाबले की दाबले जाते.

कार्डवर गाणी घालण्याआधी ती एका सॉफ्टवेअरमध्ये लावून घ्यावीत, म्हणजे कुणाची कोणती ते नीट दिसते, असे सरांनी सुचवले होते. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा टेम्पो चालवतात, त्यांच्या टेम्पोतले कार्डही मी सोबत घेऊन गेले होते. ते कार्ड तालुक्याच्या मोबाइलच्या दुकानात पैसे देऊन भरून घेतलेले आहे. सॉफ्टवेअरने दोन्हीकडची गाणी गायकांच्या नावाने मांडली, तेव्हा दोन चमत्कार दिसले. दादांच्या कार्डावर सर्वांत जास्त गाणी गायलेला गायक म्हणजे एक वेबसाइट निघाली. ज्यांनी ती गाणी फुकट वाटली त्यांनी गायकाच्या जागी आपल्या दुकानाची पाटी लावून टाकली होती. आणि दुसरा चमत्कार म्हणजे माझी आजी. अननोन आर्टिस्ट या नावाखाली तिची सत्तावीस गाणी, आणि तिच्यासोबत कुठले कुठले बँडवाले, कीर्तनकार, लग्नातले सनईवाले असे दोनशेच्या वर अज्ञात लोक एका दावणीला बांधलेले.

मला वाईट वाटले, आणि थोडा रागही आला. पण राग कुणावर काढायचा? सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. त्याने विचारलेल्या जागी मी काही लिहिलेच नव्हते. रिकाम्या रकान्याला ते अज्ञात म्हणते, एवढेच.

माझ्या एका मैत्रिणीचे म्हणणे असे, की हा सगळा खटाटोप आता जुना झाला. गाणी जवळ ठेवायची, त्यांची नावे लिहायची, प्लेअरवर घालायची, हे ज्यांच्याकडे नेट नव्हते त्यांचे काम. आता मोबाइलवर दोन शब्द टाइप केले की हवे ते गाणे येते. तिचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि ते मी मान्य करते. एरवी आमच्या गावात ज्या गायकांचे नावही पोहोचले नसते, त्यांचे अभंग आज मी एस. टी.मध्ये बसून ऐकते. परंतु ‘हवे ते येते’ हे खरे नव्हे. ज्याला कुणीतरी, कधीतरी, नाव लिहून ठेवले आहे तेवढेच येते. माझ्या आजीची ओवी दोन शब्द टाइप करून येणार नाही, दोनशे शब्द टाइप करूनही येणार नाही.

नावांची ही यंत्रणा कशी उभी राहिली ते मी या निमित्ताने समजून घेतले, आणि ते आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही समजून घ्यावे असे मला वाटते. एमपीथ्री फाइलमध्ये मुळात फक्त आवाज होता. कोण गाते, काय गाते हे फाइलच्या नावावरून ओळखायचे. १९९६ साली एरिक केम्प नावाच्या माणसाने तोडगा काढला: फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइटांची एक चिठ्ठी जोडायची. तिचे नाव आयडीथ्री टॅग. सुरुवातीचे तीन बाइट चिठ्ठीची खूण म्हणून, मग गाण्याच्या नावाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, सालाला ४, शेऱ्याला ३०, आणि गाण्याच्या प्रकाराला १. बेरीज करून पाहा, बरोबर १२८ होते. म्हणजे आजीचा तो गणपतीतला टेप आणि ही चिठ्ठी एकाच सालातली.

ही तीस घरे इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने आखलेली होती. इंग्रजीचे एक अक्षर एका घरात मावते. आज प्रचलित असलेल्या युनिकोडच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन घरे लागतात. काना, मात्रा आणि पाय मोडण्याची खूण हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे. मी वहीत हिशेब करून पाहिला: नुसते ‘ज्ञानेश्वर’ लिहिले की तीस घरे संपतात. ‘महाराज’ लिहायला जागा उरत नाही. पुढे १९९८ साली टॅगची दुसरी आवृत्ती आली आणि ही अडचण गेली. तिच्यात गीतकार आणि संगीतकार यांनाही स्वतंत्र जागा आहेत. आकाशवाणीचा निवेदक गाण्याआधी गायक, गीतकार, संगीतकार अशी तिघांची नावे सांगतो, तशी व्यवस्था टॅगमध्येही आहे. पण दादांच्या कार्डावरची आठशेएक गाणी मी चाळली, त्यांत गीतकाराचा रकाना भरलेले एकही सापडले नाही. जागा आहे, भरणारा नाही.

भरणारे कोण असतात? सीडीचा जमाना होता तेव्हाची एक गोष्ट यातून पुढे आली. साधारणपणे गाण्याच्या सीडीवर गाण्यांची नावे नोंदलेली नसत; सॉफ्टवेअर त्या सीडीवर किती गाणी आहेत आणि कोणते कुठे सुरू होते यावरून तिची ओळख पटवी आणि नावे सीडीडीबी नावाच्या एका सामाईक यादीतून आणी. ती यादी जगभरच्या ऐकणाऱ्यांनी फुकटात, हाताने टाइप करून भरली होती. पुढे ती यादी विकली गेली, कंपनीची झाली, आणि ज्यांनी ती भरली त्यांच्यावरच अटी आल्या. तेव्हा काही लोकांनी चिडून पुन्हा पहिल्यापासून मोकळ्या याद्या सुरू केल्या. त्यांतली ‘म्युझिकब्रेन्झ’ आजही चालू आहे. यावरून मला दोन गोष्टी कळल्या. नावे आपोआप येत नाहीत, कुणीतरी बसून लिहितो. आणि आपण लिहिलेले आपल्याजवळही ठेवावे लागते.

दुसऱ्या गोष्टीचे उत्तम उदाहरण आयपॉड. २३ ऑक्टोबर २००१ रोजी अॅपल कंपनीने तो जाहीर केला. पाच जीबीच्या डबीत एक हजार गाणी, ही त्या वेळी नवलाची गोष्ट होती. त्यात गाणी भरायची ती आयट्यून्स या सॉफ्टवेअरमधून. ते गाण्यांची मांडणी सुरेख करी. पण डबीच्या आत पाहिले तर गाण्यांच्या फाइलींची नावे बदलून चार-चार अक्षरांची निरर्थक नावे दिलेली असत आणि त्या वेगवेगळ्या फोल्डरांत विखुरलेल्या असत. कोणती फाइल म्हणजे कोणते गाणे, हे सॉफ्टवेअरची वही सांगे. आयट्यून्सचे २०१९ साली मॅक संगणकांवर वेगवेगळे तुकडे झाले, आणि मे २०२२ मध्ये आयपॉडचे उत्पादन बंद झाल्याचे जाहीर झाले. ज्यांच्या गाण्यांत टॅग नीट भरलेले होते त्यांना त्या निरर्थक नावांतूनही आपली गाणी परत लावता आली, कारण चिठ्ठी फाइलीच्या पोटात होती. ज्यांनी सगळा भरवसा वहीवर ठेवला त्यांच्या हाती चार-चार अक्षरे उरली. म्हणून माझे मत असे झाले आहे, की सॉफ्टवेअर जरूर वापरावे, पण नाव गाण्याच्या पोटात लिहावे.

मांडणीचे महत्त्व मला आजीनेच पटवले. तिच्या ओव्यांसोबत मी सरांकडच्या सीडींवरून गीतरामायण घातले होते. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेली छप्पन्न गीते. मी फाइलींना १ ते ५६ असे आकडे दिले आणि प्लेअर आजीच्या हातात ठेवून कॉलेजला आले. शनिवारी घरी गेले तर आजी म्हणाली, “काय गं पोरी, रामाचा जलम व्हायच्या आदीच त्याला वनवासाला धाडला व्हय?” पाहते तो खरेच तसे! यंत्राला आकडा कळत नाही, त्याला फक्त अक्षरांचा क्रम कळतो. त्यामुळे एकानंतर दोन न येता दहा आला, अकरा आला, एकोणीसपर्यंत वनवासाची तयारी झाली आणि मग दोनचा नंबर लागला. मी ०१, ०२ असे दोन आकडी नंबर दिले तेव्हा राम वेळेवर जन्मला. जे अक्षरही वाचत नाही त्या माणसाने चूक पकडली आणि जे वाचते त्या यंत्राला ती दिसली नाही, हे मी विसरणार नाही.

आता आजीच्या गाण्यांचे रकाने भरायला बसले. एकेका रकान्याने मला एकेक प्रश्न घातला. परीक्षेतसुद्धा मी इतकी अडले नव्हते.

शीर्षक. ओवीला शीर्षक नसते. मी ‘ओवी १’, ‘ओवी २’ असे लिहिले होते. आजी ऐकता ऐकता सांगू लागली, ही भावाची, ही पंढरीच्या वाटेची, ही लेक सासरी निघाल्याची, ही दुष्काळाची. मी मुकाट्याने आकडे खोडले आणि ती म्हणाली तशी नावे लिहिली.

साल. १९९६ हे मुद्रणाचे साल. पण ओव्या त्या सालच्या नव्हेत. आजीने आईकडून घेतल्या, आईने तिच्या आईकडून. चार घरांत चार पिढ्या बसत नाहीत. मी १९९६ लिहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘आईकडून’ असे घातले.

प्रकार. पहिल्या टॅगबरोबर ऐंशी प्रकारांची ठरीव यादी आली होती. तिच्यात डेथ मेटल आहे, पोल्का आहे, कॅबरे आहे, थट्टामस्करीच्या ध्वनिमुद्रणालाही स्वतंत्र जागा आहे. ओवी, अभंग, लावणी, भारूड नाही हे समजण्यासारखे आहे. पण त्या ऐंशीत लोकगीतसुद्धा नाही. विनॅंप या प्लेअरने पुढे ती यादी वाढवली तेव्हा ऐंशीच्या पुढची पहिली भर ‘फोक’ ही पडली. जगातल्या सगळ्या आजींची सोय नंतर सुचली म्हणायची! नव्या टॅगमध्ये आपल्याला हवा तो शब्द लिहिता येतो. मी ‘ओवी’ लिहिले. संगणकाने निमूटपणे मानले.

आणि कलाकार. मला वाटले होते, हा सर्वांत सोपा रकाना. आधार कार्डावर, रेशनकार्डावर आजीचे जे नाव आहे ते टाइप केले आणि तिला वाचून दाखवले. ती काही बोलेना. मग म्हणाली, “हे सासरचं.” लग्नात तिचे नाव बदलले होते हे मला माहीत होते, पण आधीचे नाव काय, हे मी एकोणीस वर्षांत कधी विचारले नव्हते. आमच्या घरात कुणालाच ते ठाऊक नव्हते, दादांनासुद्धा नाही. आजी म्हणाली, “त्या नावानं हाक मारणारा माझा भाव हुता. त्यो गेल्यावर ते नाव घेणारं कुणी ऱ्हायलं न्हाय. पर गाणी आईची हायती. आई ज्या नावानं हाक मारायची तेच घाल.”

मी ते नाव घातले. मग उत्साहाने प्लेअर सुरू केला, तर त्याच्या इवल्याशा पडद्यावर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग! त्या पडद्याला देवनागरी येत नव्हती. एक क्षण वाटले, नाव रोमन लिपीत घालावे आणि मोकळे व्हावे. आजीला दोन्ही लिप्या सारख्याच. पण मी बी. ए.ला मराठी घेतले आहे, आणि घरातली कॉलेजात आलेली पहिली मुलगी आहे. आजीचे नाव तिच्या भाषेत लिहिणारी मीच नसेन तर दुसरे कोण येणार? शेवटी टॅगमध्ये देवनागरी ठेवली आणि फाइलीचे बाहेरचे नाव रोमनमध्ये दिले. हा पडदा आज ना उद्या बिघडेल. पुढच्याला मराठी येत असेल.

आमच्या सरांना मी हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी एक आक्षेप घेतला. तो मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून प्रामाणिकपणे मांडते. सर म्हणाले, “लोकगीताला कर्ता नसतो, हेच तर त्याचे वैशिष्ट्य. ओवी सगळ्यांची असते. तिच्यावर एका बाईचे नाव लावणे म्हणजे विहिरीच्या पाण्यावर नाव लिहिण्यासारखे नाही का?” मी त्या दिवशी गप्प बसले. नंतर विचार केला. ओवी सगळ्यांची, हे खरे. पण या कॅसेटवरचा आवाज सगळ्यांचा नाही. मध्येच थांबून सुनेला चुलीतले लाकूड पुढे सार म्हणणारी बाई एकच आहे. विहिरीवर नाव लिहू नये, पण पाणी शेंदणारीला नाव असतेच. हेमा रायरकर आणि गी पॉइटविन यांनी पुण्यात राहून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या ओव्या २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहात क्रमाने प्रसिद्ध झाल्या, त्या गाणारणीचे नाव आणि गाव यांच्यासह. त्याने ओवी कुणा एकीच्या मालकीची झाली नाही. उलट, ती कुणाकुणाच्या तोंडून आपल्यापर्यंत आली हे कळले.

शिवाय नाव लावणे ही काही संगणकाने आणलेली नवी खोड नाही. आपल्या संतकवींचे काय? अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते. तुकोबा आपले नाव घालतात, जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते. कागद नसेल, ग्रंथ बुडेल, तरी गाणाऱ्याच्या तोंडून अभंगाबरोबर नावही पुढे जाईल. आणि १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने ग्रामोफोन कंपनीसाठी गायिले, तेव्हा तिने मुद्रणाच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगितले. तबकड्या तयार होणार होत्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कुणाचे गाणे ते ओळखता यावे म्हणून असे करीत, असे सांगतात. एरिक केम्पची १२८ बाइटांची चिठ्ठीही फाइलीच्या शेवटालाच आहे. या तिघांची एकमेकांना खबर नव्हती. गाणे दूर जायचे असेल तर नाव त्याला बांधून द्यावे लागते, एवढे मात्र तिघांनाही कळले होते. आजीला ते कुणी सांगितले नाही, आणि चुलत्यांनी कॅसेटवर नुसते ‘आई’ असे लिहिले होते. घरातल्या घरात तेवढे पुरले. घराबाहेर पडताक्षणी ती अज्ञात झाली.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या वर्गात माझ्यासारखे पुष्कळजण आहेत. घरात आपणच पहिले लिहिते-वाचते. अर्ज कुणाचा असो, बँकेची पावती असो, गल्लीतले लोक आपल्याकडेच घेऊन येतात आणि आपण रकाने भरून देतो. हे काम त्याच जातीचे आहे. आपापल्या घरी ट्रंकेत, फडताळात कॅसेट असतील. कुणाच्या आजोबांचे भजनी मंडळ असेल, कुणाच्या मामांचा गोंधळ असेल, कुणाच्या आत्याच्या लग्नातल्या मंगलाष्टका असतील. मोबाइलमध्येही ‘ऑडिओ ००१७’ अशा नावाने पडलेली मुद्रणे असतील; महिन्याभरात आपल्यालाच आठवणार नाही की त्यात कोण बोलते. ती उतरवा, लावा, आणि मुख्य म्हणजे रकाने भरा. नाव, गाव, साल, कुणी मुद्रण केले. फाइलींना ०१, ०२ असे आकडे द्या. एक प्रत कार्डावर, एक दुसरीकडे ठेवा. गाणारे माणूस हयात असेल तर त्याला विचारून भरा, कारण रेशनकार्डावरचे नाव त्याला हवे असेलच असे नाही.

हा लेख लिहिताना मी आजीला विचारले, “तुझे माहेरचे नाव छापू का?” ती बराच वेळ दारात बसून राहिली. मग म्हणाली, “नगं. गाण्यापाशी ऱ्हाऊ दे. कागदावर कशापायी?” म्हणून ते येथे दिलेले नाही. ज्यांना कळून घ्यायचे असेल त्यांनी ओव्या ऐकायला यावे. प्लेअरवर दिसणार नाही, पण संगणकावर लावल्या की दिसते.

साउंडवाल्याचा टेप अजून माझ्याकडे आहे. वायरही आहे. शनिवारी दुपारी दोननंतर संगणक-कक्ष उघडा असतो, आणि सरांची हरकत नाही. कॅसेट घेऊन या. येण्याआधी घरात एकदा विचारून या, की गातेय ते कोण.